दोघींचा एकच धडा

२ सप्टेंबर

आज शाळेत जाऊन दोघींचे दाखले काढून आणले. करून मोकळी झाले एकदाची.

गेले होते ते फक्त धाकटीचं बोलायला, हे खरं. तिसरीतली पोर रोज सकाळी दप्तर पाठीवर चढलं की उलटी करते. का, तर वाचताना अडखळते म्हणून बाईंनी तिला आठवडाभर पहिलीच्या वर्गात नेऊन बसवलं. लहानग्यांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून. मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, ही शिकवायची कुठली पद्धत? त्यावर म्हणतात कशा, "तुमची थोरली एवढी हुशार, तिच्याकडे बघून तरी हिने शिकावं की नाही?" झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, द्या दाखला. दोघींचेही द्या.

थोरली बाहेर व्हरांड्यात उभी होती. तिने विचारलं, "माझा पण?"

म्हटलं, एकीला घरी ठेवायचं आणि दुसरीला शाळेत पाठवायचं, धाकटीला काय वाटेल? सारखी तुलना होणार. पटलं असावं तिला. बाकावरच्या मैत्रिणीला सांगून येते म्हणाली आणि बऱ्याच वेळाने आली. मी फाटकाशी तिष्ठत उभी.

३ सप्टेंबर

नवरा म्हणाला, "धाकटीचं समजलं. पण थोरलीचं काय बिघडलं होतं?" तो लिफ्ट दुरुस्त करतो. जे चालू आहे त्याला हात लावायचा नाही, हे त्याचं तत्त्व. मी म्हटलं, पोरी म्हणजे लिफ्ट नव्हेत. त्याने चहा संपवला.

थोरलीच्या बाबतीत एकच धाकधूक आहे. सहावीच्या वर्षी, म्हणजे यंदाच, मार्चमध्ये विज्ञान विद्यालयाची प्रवेश परीक्षा असते. ती एकदाच देता येते, नंतर नाही. दुसरीत असताना तिला तिथलं प्रदर्शन दाखवायला नेलं होतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. गच्चीवर मोठी दुर्बीण आहे म्हणे, आणि मुलींना स्वतः लावू देतात. आज मी तिला समोर बसवून सांगितलं, "घरी शिकूनही तू तिथे जाशील. शब्द आहे माझा." ती हसली. किती दिवसांनी असं तोंडभरून हसली असेल.

बसच्या कचेरीतून वर्षाची बिनपगारी रजा मंजूर झाली. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही गेल्यावर गाड्या कोण वेळेवर सोडणार?" म्हटलं, आधी घरच्या दोन सोडते.

११ सप्टेंबर

अभ्यासक्रम निवडणं म्हणजे डोक्याला ताप आहे. पलंगभर पुस्तकं पसरली आहेत आणि आम्ही चौघं कडेकडेने झोपतो.

सरकारी पुस्तकं घ्यावीत, तर ज्या पुस्तकांनी धाकटीला उलट्या केल्या तीच पुन्हा घरात. टपालाने येणारा एक तयार संच आहे, गुळगुळीत कागदाचा. दर आठवड्याला एक विषय, पाणी, माती, नकाशा असं. जाहिरातीत लिहिलंय, 'दोन भावंडांना एकाच टेबलाशी शिकवा.' हे मला भावलं. पण वयोगट आठ ते दहा.

माझी थोरली बहीण, अक्का, आयुष्यभर मास्तरीण होती. तिला फोन केला. ती म्हणाली, "दोन पोरी, दोन पुस्तकं. एकीला शिकवशील तेव्हा दुसरीला गणितं घालून दे. त्याला पर्याय नाही गं."

म्हणजे घरात पुन्हा दोन इयत्ता, पुन्हा वरची आणि खालची. मग शाळा काय वाईट होती? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं ऐकायचं नाही असं ठरवलं आणि संच मागवला. गणित तिसरीपासून दोघींना एकत्र. थोरलीची उजळणी होईल, पाया पक्का होईल. ती काय, चार दिवसांत संपवेल. सहावीचं गणिताचं पुस्तक आणून कपाटात ठेवलं आहे, उशीरही नाही आणि घाईही नाही.

२३ सप्टेंबर

शाळा सुरू होऊन आठवडा झाला, म्हणजे आमची. स्वयंपाकघरातलं टेबल, मी मधोमध, एका बाजूला ही, एका बाजूला ती.

मजा येते, खोटं का बोलू. पाण्याचा धडा चालू असताना आम्ही पातेल्यावर ताट ठेवून वाफ जमवली. थोरलीने विचारलं की ताट थंड असलं तरच थेंब का जमतात, गरम ताटाला का नाही. म्हटलं, ते पुढे येईल.

गणिताला मात्र रंगाचा बेरंग होतो. मी प्रश्न पुरा विचारायच्या आत थोरलीचं उत्तर तयार. धाकटी बोटं मोजत बसते. तिला हुरूप यावा म्हणून मी म्हणते, "बघ ताईला कसं पटकन आलं, जमेल तुलाही." आज ती टेबलाखाली जाऊन बसली. बटाट्याची भाजी आवडीची, तरी जेवली नाही. हवा बदलली आहे, त्याचं असेल. नवऱ्यालाही सर्दी आहे.

४ ऑक्टोबर

धाकटी चार दिवस नीट जेवत नाहीये. आज सकाळी पुन्हा उलटी. घरी! दप्तर नाही, बाई नाही, हसणारी पोरं नाहीत, आणि तरी. मी न्हाणीघरात तिचं तोंड धुताना रडले. एवढं सगळं केलं ते कशासाठी?

दुपारी विचार करत बसले आणि एकदम सुचलं. आमच्या वेळापत्रक विभागातलं साधं शहाणपण आहे. एकाच रस्त्यावर दोन गाड्या असल्या आणि मागची रखडली, तर मागचीला कितीही हाका मारून उपयोग नसतो. पुढच्या गाडीला थांब्यावर जरा धरून ठेवायचं. दोघींमधलं अंतर आपोआप सारखं होतं. ड्रायव्हर कुरकुरतात, पण रस्ता सुरळीत चालतो. मी स्वतः कितीदा फोनवरून सांगितलंय, 'धरा तिला, सोडू नका.'

थोरलीला बाजूला घेऊन म्हटलं, "तू जरा थांबत जा गं. तुला आलं तरी लगेच बोलू नकोस. तिला पोचू दे."

"किती थांबू?" तिने विचारलं.

"तिला येईपर्यंत."

शहाणी आहे माझी बाई. मान डोलावली.

१२ ऑक्टोबर

गंमत झाली आज. सात आठे किती, म्हणून मी विचारलं. धाकटीने बराच वेळ घेतला. मी थोरलीकडे पाहिलं तर ती म्हणाली, "चोपन्न?" मी चाटच पडले. इतक्यात धाकटी ओरडली, "ए ताई, छप्पन! छप्पन!" आणि खुर्चीवर उभी राहून नाचली. दुपारी दोन वेळा भात मागून घेतला.

थोरलीला म्हटलं, काय गं, सातचा पाढा विसरलीस? म्हणाली, "गोंधळले."

होतं कधी कधी. हुशार मुलं बेफिकीर असतात.

२७ ऑक्टोबर

धाकटी सुटली! अडखळत का होईना, अख्खं पान वाचते. उलट्या बंद. गालावर रंग आलाय. अक्का आली होती, तिच्यासमोर धाकटीने मातीचा धडा वाचून दाखवला आणि अक्काने तिचा मुका घेतला. मला वाटलं, मुख्याध्यापिकाबाईंना इथे आणून खुर्चीला बांधून ऐकवावं.

पण आता थोरलीचं काहीतरी बिनसलंय. भागाकारात चुकते. तेही बाकी उरते तिथे, जिथे धाकटी चुकते तिथेच. मी अक्काला म्हटलं, "एकाच पोटच्या ना, अडतातही एकाच ठिकाणी." अक्का हसली नाही. थोरलीची वही पुढे ओढून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तिला पुढचं दे. सहावीचं काढ."

"पुढचं कसं देऊ? मागचंच येत नाहीये तिला. पाया कच्चा ठेवून वर मजले चढवू?"

"तिचा पाया कच्चा आहे असं तुला खरंच वाटतं?"

"डोळ्यांसमोर चुकते, अक्का!"

अक्का पिशवी उचलून निघाली. दारात थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली. थोरलीने जोरात नकारार्थी मान हलवली. मी विचारलं तर म्हणे, "मावशी विचारत होती, घरी राहायला येतेस का." माझ्याच बहिणीने माझ्या पोरीला फितवायचं! राग आला मला.

९ नोव्हेंबर

रविवार होता म्हणून नवरा थोरलीला कामावर घेऊन गेला. कुठल्याशा कचेरीची लिफ्ट रविवारीच बंद करता येते. संध्याकाळी आला तो फुशारून. "अगं, तिला मी लिफ्टच्या पलीकडून खालीवर होणारं वजन दाखवलं. म्हटलं, पिंजरा इतका जड, माणसं इतकी मावतात, तर हे वजन किती ठेवायचं? पोरीने जरासा विचार केला आणि म्हणाली, पिंजऱ्याएवढं आणि वर निम्म्या माणसांएवढं, कारण लिफ्ट कधी भरलेली असते कधी रिकामी, मध्यावर ठेवलं तर मोटरला दोन्हीकडे सारखा त्रास. आकडाही तोंडी सांगितला. माझ्या हाताखालच्या माणसाला हे समजायला वर्ष लागलं!"

मी म्हटलं, "मग माझ्याकडे साधा भागाकार का चुकतो?"

"ते तू तिला विचार."

मी विचारलं. सरळच विचारलं, "मुद्दाम करतेस का?" भाजी निवडता निवडता ती थबकली. धाकटी शेजारीच शेंगा सोलत होती, मान वर करून आमच्याकडे बघत.

"नाही," थोरली म्हणाली.

ती खोटं बोलत नाही कधी. म्हणजे बापाजवळ लाडात येऊन येतं आणि आईजवळ लक्ष लागत नाही, एवढंच. एकूण काय, आणखी सराव हवा. उद्यापासून भागाकार पुन्हा पहिल्यापासून, दोघींना.

२१ नोव्हेंबर

आज मी आणि थोरली कपडे वाळत घालत होतो तेव्हा तिने विचारलं, "आई, मी शाळेत परत जाऊ का? मी एकटीच."

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. म्हटलं, "इथे काय कमी पडतंय तुला?" आवाज चढला असेल माझा, मग उतरला, मग मला रडूच आलं. बिनपगारी घरी बसले, बोलणी ऐकतेय, अक्काशी वाकडं घेतलंय, आणि जिच्यासाठी शब्द दिलाय तीच म्हणते जाते.

तिने माझ्या हातातली चादर घेतली आणि दोरीवर नीट पसरली. "नको आई. सहज विचारलं. रडू नकोस ना."

समजूतदार आहे. मला उगाच भरून आलं.

६ डिसेंबर

विशेष काही नाही. अवकाळी पाऊस आहे, खिडकीच्या काचा धुरकट झाल्या आहेत. धाकटीचा तिसरीचा अभ्यास संपत आला. थोरलीही तिच्याबरोबरच पोचली. अगदी आखणीबरहुकूम. वेळापत्रक विभागात असं झालं असतं तर साहेबांनी चहा पाजला असता.

मग मला आनंद का होत नाहीये, कोण जाणे.

२ जानेवारी

कपाटातून सहावीचं पुस्तक काढलं. चाळलं. अपूर्णांक, गुणोत्तर, समीकरणं. परीक्षा मार्चमध्ये. उशीर नाही, घाई नाही, असं मीच लिहून ठेवलंय मागे! दोन्ही एकदम आलं की आता.

नवीन आखणी केली. रोज एक प्रकरण. सकाळी थोरली, दुपारी थोरली. धाकटी शेजारी बसून चित्रं काढेल. एखादी गाडी खूप रखडली की मधले थांबे गाळून सरळ पुढे न्यायची, तेही आम्ही करतोच.

१९ जानेवारी

गाडी पुढे जात नाही.

मी समजवायला जाते, तर मलाच नीट उमगलेलं नसतं. क्ष म्हणजे काय हे सांगताना माझंच त-त-प-प होतं. पण ती प्रश्नच विचारत नाही, हे जास्त खुपतं. पूर्वी ताटावरच्या थेंबावरून भंडावून सोडणारी पोर. आता मी काही विचारलं की आधी धाकटीकडे बघते. मग वहीकडे. मग थांबते. थांबून राहते. जणू दुसरं कुणीतरी उत्तर देणार आहे.

"अगं, तुलाच विचारतेय!" मी आज टेबलावर हात आपटला. कप पडून फुटला. दोघी एकदम दचकल्या. धाकटी म्हणाली, "आई, ताईला ओरडू नकोस, तिला जरा वेळ लागतो."

तिला जरा वेळ लागतो! हे वाक्य शाळेत धाकटीबद्दल म्हणायचे. मला हसावं की रडावं समजेना. काचा गोळा केल्या.

८ फेब्रुवारी

वाचनालयात थोरलीची बाकावरची मैत्रीण भेटली. ती पण परीक्षेला बसतेय. भडाभडा बोलत होती, ते गुणोत्तराचं कोडं जमलं का तुला, मला पहिल्यांदा उलटंच आलं, तू असतीस तर लगेच सांगितलं असतंस. थोरली म्हणाली, "तुझे केस छान कापलेत." मैत्रीण गोंधळली. मग दोघी थोडा वेळ केसांबद्दल बोलल्या.

घरी येताना मी म्हटलं, "कोडं विचारून घ्यायचं होतंस." रस्ता ओलांडताना तिने माझा हात धरला. बारा वर्षांची होत आली, बऱ्याच दिवसांत धरला नव्हता.

२ मार्च

अक्काला फोन केला. अपमान गिळला आणि म्हटलं, येऊन शिकव तिला. ती आली, दिवसभर थोरलीला घेऊन आतल्या खोलीत बसली. दार लोटलेलं. मी आणि धाकटी बाहेर.

संध्याकाळी अक्का बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मी विचारलं, "काय? लक्ष देत नाही ना?"

"देते. जीव तोडून देते," अक्का म्हणाली. "ऑक्टोबरात मला वाटलं होतं की ती... जाऊ दे." चष्मा पुसत बसली. "वर्ष गेलं गं तिचं."

"तीन आठवडे आहेत अजून!"

"हो," अक्का म्हणाली. "आहेत."

मला तिचा हा सूर आवडत नाही. पालथ्या घड्यावर पाणी घालतोय असा. पोर हुशार आहे. रक्तातच आहे ते, जातं कुठे?

२६ मार्च

परीक्षा झाली.

मोठा हॉल होता, खिडक्यांना उंच गज. आत जाताना थोरली वळली आणि म्हणाली, "आई, काळजी करू नकोस. आज मी नीट लिहिणार आहे." असं काही आत्मविश्वासाने म्हणाली की माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हटलं, बघा, वेळेवर जागी झाली! समोरच्या टपरीवर मी दोन चहा प्यायले आणि टपरीवाल्याला उगाचच सांगितलं की माझी मुलगी आत आहे.

पोरी बाहेर पडायला लागल्या. तिची मैत्रीण नाचत आली. थोरली शेवटी शेवटी आली, दप्तर छातीशी धरून. बसमध्ये खिडकीची जागा दिली. कंडक्टर ओळखीचा, "काय ताई, काय म्हणते आमची हुशार पोरगी?" म्हणून गेला.

दोन थांबे गेल्यावर ती बोलली. खिडकीबाहेर बघतच.

"आई, घरी मी मुद्दाम चुकायचे."

मी तिच्याकडे वळले.

"आधी तू सांगितलंस थांब, म्हणून थांबायचे. पण थांबले तरी तिला कळायचं, की मला येतंय आणि मी तिच्यासाठी थांबलेय. ती पुन्हा जेवायची नाही. मग मी चुकायला लागले. मी चुकले की तिला यायचं. खरंच यायचं, आई. मग तीच मला शिकवायची."

"मी विचारलं होतं तुला. नाही म्हणालीस."

"ती शेजारी बसली होती ना."

बस सिग्नलला थांबली. सुटली.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "परीक्षेत मुद्दाम चुकायचं नाही असं ठरवलं की येईल. मी ठरवलं होतं. पहिलं गणित वाचलं, दुसरं वाचलं, सगळी वाचली. आई, मी आज एकही मुद्दाम चुकले नाही." आणि मग तिला रडू फुटलं. तोंडावर दप्तर धरून, आवाज न करता, सगळी बस भरलेली असताना. "मला खरंच येत नव्हतं."

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते? 'धरा तिला, सोडू नका' असं सांगणारी मीच. माझी पोर सबंध वर्ष थांब्यावर उभी होती आणि मी अंतर सारखं झालं म्हणून खूश. आपल्याच हाताने आपल्या पोरीचं वर्ष जाळलं मी.

घराच्या कोपऱ्यावर आल्यावर तिने डोळे पुसले, नाक पुसलं. म्हणाली, "धाकटीला सांगू नकोस हं. तिला वाटेल तिच्यामुळे."

१५ एप्रिल

निकाल लागला. नाव नाही. मैत्रिणीचं आहे, वरून सहावं.

नवऱ्याने ऐकलं आणि कामाची पिशवी खाली ठेवून जिन्यातच बसला. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. नंतर म्हणाला, "शाळा सुरू झाली की दोघींना परत घालू. थोरलीला सहावीतच बसू दे पुन्हा." मी हो म्हटलं. परीक्षा पुन्हा नाही, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून तो विषय कुणी काढला नाही.

जेवताना धाकटीने विचारलं, "ताई नापास झाली?"

"पेपर फार अवघड होता," थोरली म्हणाली.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. अवघडच होता."

धाकटी विचारात पडली. घास चावून झाल्यावर तिने ताट बाजूला सारलं, टेबलावरचं सहावीचं पुस्तक ओढलं, आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "रडायचं नाही, ताई. ये इकडे. मी शिकवते तुला. मला पटापट कळतं आता, आणि तुला समजेपर्यंत मी थांबेन."

मी उठायला हवं होतं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

थोरलीने हात धुतले, खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.